विश्रांती हीही आज्ञाच

एखाद्या पाळकसाहेबांच्या, धर्मभगिनीच्या किंवा मिशनच्या इस्पितळात आयुष्य वेचलेल्या परिचारिकेच्या शोकसभेत वक्ते एकामागून एक उठतात आणि दिवंगताच्या गुणांची उजळणी करतात, तेव्हा एक वाक्य हटकून कानांवर येते. ते असे, की या व्यक्तीने उभ्या आयुष्यात कधी रजा घेतली नाही, रात्री-अपरात्री कोणी दार ठोठावले तरी 'उद्या या' असे म्हटले नाही, अंगात ताप असतानाही उपासना चुकू दिली नाही, आणि शेवटी चंदनासारखे झिजत झिजत देह ठेवला. श्रोत्यांचे डोळे पाणावतात आणि ते पाणावणे अस्सल असते, कारण अशा माणसांच्या कष्टांवरच कित्येक मंडळ्या, शाळा आणि दवाखाने उभे राहिले आहेत. परंतु त्याच सभेत मागच्या बाकावर बसलेला, नुकतीच दीक्षा झालेला तरुण पाळक त्या स्तुतीतून आपल्यापुरता एक धडा घेऊन घरी जातो. देवाच्या कामात थकणे हे पुण्य आणि थांबणे हा अपराध, असा तो धडा असतो. हा धडा पवित्र शास्त्राला धरून नाही, ख्रिस्ती परंपरेच्या अनुभवाला धरून नाही, आणि ज्या सेवेच्या नावाने तो दिला जातो त्या सेवेचाच तो घात करतो, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि ते केवळ ख्रिस्ती वाचकांपुढेच नव्हे, तर ध्येयासाठी राबणाऱ्या प्रत्येक मराठी माणसापुढे मांडावे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आज ज्याला सर्रास 'बर्नआउट' म्हटले जाते त्या अवस्थेची शास्त्रीय चर्चा जिथून सुरू झाली ती जागा लक्षात ठेवण्याजोगी आहे. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ मध्ये या विषयावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला, तो नफ्यामागे धावणाऱ्या पेढीतील नोकरांकडे पाहून लिहिलेला नव्हता. न्यूयॉर्कमधल्या मोफत दवाखान्यात दिवसाचे काम आटोपून रात्री निरपेक्ष सेवा करणारे जे स्वयंसेवक, त्यांच्यात आणि स्वतःमध्ये त्याला ही अवस्था आढळली होती. प्रारंभी उत्साहाने भारलेली ही माणसे काही काळाने चिडचिडी, संशयी आणि निर्विकार होत, आणि ज्यांच्या कळवळ्याने ती तिथे आली त्या रुग्णांचाच त्यांना कंटाळा येऊ लागे. पुढे २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत या अवस्थेची नोंद घेतली. तिला स्वतंत्र रोग न मानता कामाच्या ठिकाणी सतत साचत गेलेल्या आणि नीट न हाताळलेल्या ताणाचा परिणाम मानले, आणि तिची तीन लक्षणे सांगितली: शक्ती आटून जाणे, कामाविषयी मनात दुरावा अथवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटू लागणे. ही तीन लक्षणे ज्याला ठाऊक आहेत त्याला हेही उमगेल, की जो कधी पेटलाच नाही तो करपत नाही; ही व्यथा प्रायः तळमळीच्या माणसांची आहे.

ख्रिस्ती साधकांना तिची ओळख आजची नाही. चौथ्या शतकात ईजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एव्हाग्रियस नावाच्या तपस्व्याने भर दुपारी साधूच्या मनावर होणाऱ्या एका आक्रमणाचे वर्णन करून ठेवले आहे. सूर्य जागचा हलत नाही असे वाटू लागते, साधू पुन्हा पुन्हा खोलीच्या बाहेर डोकावतो, कोणी बंधू येतो का ते पाहतो, ती जागा, ते जीवन आणि ते काम यांचा त्याला उबग येतो, आणि बंधूंमध्ये प्रीती म्हणून उरलीच नाही असा त्याचा ग्रह होतो. सोळाशे वर्षांपूर्वीच्या या वर्णनात आणि आजच्या रोगवर्गीकरणातल्या नोंदीत फार अंतर नाही. भक्ती हा या अवस्थेवरचा कायमचा विमा असता, तर वाळवंटात अहोरात्र प्रार्थना करणाऱ्यांना ती शिवलीही नसती.

आपल्याकडे हे कसे घडते ते पाहायचे असेल तर अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), जालना किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या मध्यम वस्तीच्या गावी पवित्र सप्ताहात जाऊन राहावे. झावळ्यांच्या रविवारी सकाळी मिरवणूक आणि उपासना, सोमवारपासून रोज संध्याकाळी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर सभा, आणि तिथवर जायला मोटारसायकल, गुरुवारी प्रभुभोजन, उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन सात उद्गारांवरची उपासना, म्हणजे सात लहान प्रवचने, मध्येच कोणाचे देहावसान झाले तर दफनविधी, आणि रविवारी पुनरुत्थानाची उपासना, तीही सूर्योदयापूर्वी, बहुधा कबरस्तानात. हे सारे आनंदाने, गळा बसेपर्यंत पार पाडून सोमवारी सकाळी पाळक जरा आडवा होतो न होतो, तोच दारात कोणी तरी उभा असतो. मुलाच्या शाळाप्रवेशासाठी बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, आणि तो आजच हवा असतो. माझ्या परिचयाच्या एका पाळकसाहेबांनी अशाच एका सोमवारी दप्तरातून नोंदवही काढली, नाव शोधून पान उघडले, दाखल्याच्या कोऱ्या कागदावर लेखणी टेकवली, आणि किती तरी वेळ ते तसेच बसून राहिले. सही करण्यात अडचण काहीच नव्हती. हात उचलत नव्हता. नंतर ते हलक्या आवाजात म्हणाले, "लोकांसाठी प्रार्थना करतो, ती तोंडातून आपसूक बाहेर पडते. स्वतःसाठी करायला बसलो की शब्दच येत नाहीत." श्रद्धा गमावलेल्या माणसाचे हे उद्गार नव्हेत. ज्याच्या श्रद्धेचा सगळा साठा इतरांच्या गरजेपायी खर्च झाला आणि पुन्हा भरण्याची तजवीज कोणीच केली नाही, अशा माणसाचे ते होते.

अशा माणसाला आपण काय सांगतो? अधिक प्रार्थना करा, उपवास धरा, विश्वास वाढवा, असेच बहुधा सांगतो. राजांच्या पहिल्या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात देवाने एलीयाला काय सांगितले ते या संदर्भात अत्यंत मननीय आहे. कर्मेल डोंगरावर बआल या दैवताच्या शेकडो संदेष्ट्यांना एकट्याने आव्हान देऊन विजयी झालेला हा पुरुष दुसऱ्याच दिवशी ईजबेल राणीच्या धमकीने गांगरतो, बैर-शेब्यापर्यंत पळतो, चाकराला तिथे सोडून एक दिवसाची वाट रानात चालून जातो, आणि रतामाच्या झुडपाखाली बसून मरण मागतो. अशा वेळी देवाकडून एखादी कडक ताकीद यावी असे आपल्याला वाटेल. पण येतो तो दूत त्याला केवळ स्पर्श करून उठवतो आणि जेवायला सांगतो. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचे पात्र असते. एलीया खातो, पितो आणि पुन्हा निजतो; दूत दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेवू घालतो, आणि पुढची वाट तुझ्या शक्तीपलीकडची आहे असे त्याचे कारणही देतो. 'तू इथे काय करतोस' हा प्रश्न एलीयाला पुढे होरेब डोंगरावर विचारला जातो खरा, परंतु तो झोप आणि अन्न यांच्यानंतर, आधी नव्हे. मी एकटाच उरलो, हे एलीयाचे गाऱ्हाणे थकलेल्या माणसाचे गणित होते. देवाने ते दुरुस्त करून बआलापुढे गुडघे न टेकलेले सात हजार लोक इस्राएलात शिल्लक असल्याचे त्याच्या निदर्शनास आणले, आणि अलीशाला त्याच्या जागी नेमण्याचा हुकूम दिला. भोजन, निद्रा, एकांत, मग सोबती आणि वारस: खचलेल्या सेवकावर देवाने केलेल्या उपचारांचा हा क्रम आहे, आणि आपल्या मंडळ्यांमध्ये तो बरोबर उलटा लावला जातो.

मोशेची गोष्ट याहून व्यवहारी आहे. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात त्याचा सासरा इथ्रो भेटीला येतो, तेव्हा मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचा न्यायनिवाडा करीत एकटा बसलेला आणि लोक दिवसभर ताटकळत उभे असलेले त्याच्या दृष्टीस पडतात. इथ्रो त्याच्या त्यागाची वाखाणणी करीत नाही. हे बरे नव्हे, असे सरळ बजावतो, आणि यात तूही थकून जाशील व हे लोकही थकून जातील असा इशारा देतो. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर आणि दहांवर विश्वासू माणसे नेमून हलकी प्रकरणे त्यांच्याकडे सोपवावी, ही त्याची सूचना मोशेने मान्य केली. इथ्रोच्या बोलण्यातील 'लोकही थकतील' हा भाग विशेष ध्यानात ठेवावा. एका माणसाने सारा भार उचलला की तो माणूस मोडतोच, आणि ज्यांच्यासाठी तो उचलला ती माणसे हात बांधून रांगेत उभी राहण्यापलीकडे काही शिकत नाहीत.

आणि प्रभू येशूविषयी काय म्हणावे? त्याची प्रकट सेवा अवघ्या काही वर्षांची, आणि पालेस्तीन देशात रोगी, दरिद्री व दुःखी यांची गणती नव्हती. तरी शुभवर्तमानांत तो घाईत असलेला दिसत नाही. वादळात तो तारवाच्या मागच्या भागात उशीवर डोके टेकून निजलेला दिसतो. कफर्णहूमात लोक त्याला शोधीत असताना तो पहाटेच्या अंधारात अरण्यात जाऊन प्रार्थना करतो, आणि शिष्यांनी निरोप दिल्यावर परत त्या गर्दीत न जाता दुसऱ्या गावांकडे वळतो. मार्काच्या सहाव्या अध्यायात तर येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या वर्दळीत शिष्यांना जेवायलाही सवड नाही हे पाहून तोच त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगतो. पुढे काय झाले ते मात्र आपले प्रवचनकार अर्धेच सांगतात. लोक किनाऱ्याने धावत त्यांच्याआधी तिथे पोहोचले, आणि प्रभूला त्यांचा कळवळा येऊन त्याने त्यांना शिकवले व जेवू घातले. इथवर सांगून 'पाहा, प्रभूनेही विश्रांती सोडली' असा निष्कर्ष काढला जातो. परंतु त्याच अध्यायात लगेच पुढे असे आहे, की त्याने शिष्यांना आग्रहाने तारवात बसवून पुढे पाठवले, लोकसमुदायाला स्वतः निरोप दिला, आणि तो डोंगरावर प्रार्थनेला निघून गेला. करुणेपोटी त्याने विश्रांती पुढे ढकलली. रद्द केली नाही. तळमळ आणि विसावा यांच्या मेळाचे इतके नेमके उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आदराने ऐकून घेतला पाहिजे. ज्यांनी आराम शोधला त्यांच्या हातून इतिहास घडला काय, असा तो आक्षेप आहे. मिशनरी हेन्री मार्टिन १८०६ मध्ये कलकत्त्याला उतरला आणि देवासाठी जळून जाण्याची इच्छा त्याने दैनंदिनीत नोंदवली. त्याने हिंदुस्थानी भाषेत नवा करार आणला, १८११ मध्ये खालावलेल्या प्रकृतीनिशी गोवा व मुंबई या मार्गाने इराण गाठून फारसी भाषांतर पुरे केले, आणि १८१२ मध्ये तोकात या गावी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो वारला. मुंबईत १८१३ मध्ये अमेरिकन मराठी मिशनचा पाया घालणारे गॉर्डन हॉल १८२६ मध्ये नाशिकच्या फेरीवरून परतताना पटकीने गेले. त्यांचे वय तेव्हा एक्केचाळीस होते. पंडिता रमाबाईंनी १८९६ नंतरच्या दुष्काळांत शेकडो अनाथ मुली आणि विधवा केडगावी आणल्या, त्यांच्या अन्नवस्त्राची, शिक्षणाची आणि उद्योगाची सोय केली, आणि हा सारा कारभार पाहतानाच अनेक वर्षे खपून मूळ भाषांवरून सबंध बायबलाचे मराठी भाषांतर केले. या चरित्रांपुढे मस्तक नमते. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजाचे बरेचसे सत्त्व या जळणाऱ्या माणसांकडून आलेले आहे, आणि तळमळीची किंमत कमी लेखून विश्रांतीचे समर्थन करू पाहणाऱ्याच्या बाजूने मी कधीही उभा राहणार नाही.

परंतु या चरित्रांचा हवाला देताना दोन गोष्टींची गल्लत होऊ नये. पटकीने गाठलेला हॉल करपून गेलेला नव्हता. संकटाने त्याचा देह नेला, मन कामाला विटले नव्हते. कर्तव्याच्या वाटेवर मरण येणे आणि वाट चालत असतानाच आतून विझणे या भिन्न घटना आहेत. पहिलीला हौतात्म्याचा मान आहे, दुसरीला नाही, आणि दुसरीला पहिलीचे नाव देऊन आपण आपल्याच निष्काळजीपणावर पांघरूण घालतो. शिवाय एकाच्या तळमळीची किंमत पुष्कळदा घरच्या माणसांना मोजावी लागते. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या उदार, उत्कट आणि अस्थिर स्वभावामागे संसार सावरणारी स्त्री दिसली असेलच. हाती आलेला पैसा वाटेतच कोणा गरजवंताला देऊन टाकणाऱ्या पतीबरोबर दिवस काढणे ही स्वतंत्र तपश्चर्या होती, आणि लक्ष्मीबाईंनी ती निभावली म्हणूनच टिळकांना टिळक होता आले. प्रत्येक पाळकाच्या घरी लक्ष्मीबाईंइतके बळ असेलच अशी खात्री कोणी द्यावी? रमाबाईंच्या संस्थेविषयीही हे विसरू नये, की तिथे देशी-परदेशी सहकारी स्त्रियांचा मोठा परिवार होता आणि कामाची विभागणी होती; त्यांच्या कन्या मनोरमाबाई १९२१ मध्ये आणि रमाबाई १९२२ मध्ये गेल्या, तरी केडगावचे काम बंद पडले नाही आणि आजही ते चालू आहे. माणूस गेल्यावर काम टिकते ते त्याच्या जागरणांवर नव्हे, त्याने घडवलेल्या माणसांवर टिकते.

मिशनांनाही हा धडा मोठी किंमत देऊन शिकावा लागला होता. मदुरेच्या तप्त मैदानात अमेरिकन मिशनची माणसे आणि त्यांची मुलेबाळे आजारांनी दगावू लागली, तेव्हा १८४५ मध्ये पलनीच्या डोंगरांवर त्यांनी बंगले बांधले आणि त्यातूनच कोडाईकनाल उभे राहिले. आपल्याकडे महाबळेश्वर व पाचगणी यांनी मराठी मुलखातल्या मिशनऱ्यांसाठी हेच कार्य केले. ठरावीक वर्षांनी मायदेशी जाण्याची दीर्घ रजा हा मिशनच्या नियमावलीचाच भाग झाला. परंतु ही तरतूद प्रामुख्याने परदेशी कार्यकर्त्यांसाठी होती. भर वैशाखात खेड्यापाड्यांतून हिंडणारे देशी पाळक, उपदेशक आणि दारोदार जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या बायबलबाया यांच्या वाट्याला डोंगरावरचा उन्हाळा क्वचितच आला. पुढे मिशनरी गेले आणि मंडळ्या स्वावलंबी झाल्या, ही अभिमानाची गोष्ट घडली; मात्र काम, इमारती, दप्तर आणि देणी यांचा वारसा आपण घेतला, विश्रांतीची तरतूद घ्यायची राहून गेली. ही उणीव भरून काढण्याची जबाबदारी आता सर्वस्वी आपली आहे.

विश्रांतीकडे पवित्र शास्त्र केवळ आरोग्याच्या दृष्टीने पाहत नाही, हेही इथे नमूद केले पाहिजे. दहा आज्ञांत तिला स्थान आहे, आणि 'अनुवाद' या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात त्या आज्ञेचे जे कारण दिले आहे ते चित्त हलवणारे आहे: तू मिसर देशात दास होतास, याचे स्मरण ठेव. ज्याला दासपणातून सोडवले त्याने थांबायला शिकावे; आणि स्वतः थांबून भागणार नाही, त्याचा दास, दासी, बैल, गाढव आणि वेशीच्या आतला परकाही थांबला पाहिजे. लेवीयाच्या पुस्तकात तर दर सातव्या वर्षी जमिनीलाही विसावा द्यायला सांगितले आहे, आणि सतत पीक काढलेली काळी कशी निकस होते व एखादे वर्ष पड ठेवल्यावर तिला कसा कस येतो, हे मराठी शेतकऱ्याला कोणी शास्त्र काढून शिकवण्याची गरज नाही. या अर्थाने विश्रांती हा कष्टकऱ्याचा हक्क आहे, आणि महाराष्ट्राने तो लढून मिळवला आहे. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळावी म्हणून सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे अर्ज केले, सभा भरवल्या, रविवार हा खंडोबाचा वार आहे याकडेही लक्ष वेधले, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. गिरणीच्या भोंग्यापुढे मान न तुकवता लोखंड्यांनी जे मिळवले, ते मंडळीच्या सेवकाला मंडळीकडूनच मिळू नये, याहून लाजिरवाणी गोष्ट कोणती? रविवार तर त्याच्या कामाचाच दिवस; मग त्याचा रविवार कोणता, हा प्रश्न आपल्यापैकी किती जणांनी त्याला विचारला आहे?

जुन्या परंपरेने हा प्रश्न व्यक्तीच्या सदसद्विवेकावर सोडून दिलेला नाही, आणि मला तेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठांसाठी नियम घालून दिले, त्यांत प्रार्थना, वाचन आणि अंगमेहनत यांचे तास वाटून दिलेले आहेत, आणि उन्हाळ्यात दुपारच्या भोजनानंतर आपापल्या शय्येवर शांतपणे पडून राहण्याची मुभाही दिलेली आहे. ज्यांच्या आयुष्यात चैनीला जागा नव्हती त्या साधूंच्या नियमांत वामकुक्षीला जागा होती. कॅथलिक धर्मसभेच्या १९८३ च्या कायद्यात धर्मगुरूंना दरवर्षी पुरेशी सुट्टी घेण्याचा अधिकार दिला आहे, धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूला वर्षाकाठी एक महिनाभर बाहेर राहण्याची मुभा आहे, आणि वार्षिक तपसाधनेचे दिवस त्यातून वजा होत नाहीत. नियम असला की माणसाला स्वतःची तरफदारी करावी लागत नाही. ज्याला विश्रांती मागून घ्यावी लागते तो बहुधा ती मागत नाही; आणि तळमळीचा माणूस तर कधीच मागत नाही.

म्हणून आपल्या मंडळ्यांच्या पंचकमिट्यांपुढे माझे निवेदन अगदी साधे आहे. पाळकाच्या नेमणूकपत्रातच आठवड्याचा एक दिवस मोकळा म्हणून लिहून द्यावा, आणि त्या दिवशी दाखले, सह्या व तक्रारी यांसाठी कोणाकडे जायचे त्या वडिलांचे नाव चर्चच्या दाराशी लावावे. वर्षातून सलग काही आठवड्यांची रजा असावी, आणि त्या काळात वेदीवर कोण उभे राहील याचा बंदोबस्त पाळकाने न करता कमिटीने करावा. घरभेटी, रुग्णभेटी आणि प्रार्थनासभा यांत मंडळीतील प्रौढ सभासदांनी वाटा उचलावा. प्रत्येक घरी पाळकच आला पाहिजे हा हट्ट आपण सोडला, तरच इथ्रोचा सल्ला आपल्या कानी पडला असे म्हणता येईल. पाळकाच्या पत्नीकडे महिला मंडळ, संडे स्कूल, नाताळचा कार्यक्रम आणि पाहुण्यांचा पाहुणचार ही कामे विनावेतन आणि विनाविचार सोपवण्याचा जो शिरस्ता पडला आहे, तो तिची इच्छा विचारल्यावाचून पुढे चालवू नये. आणि जो तरुण शनिवारी गायनपथक, रविवारी संडे स्कूल, मधल्या वारी तरुण संघ आणि उरल्या वेळात आपली नोकरी करतो, त्याला चौथे काम देण्यापूर्वी त्याच्या चेहऱ्याकडे एकदा नीट पाहावे.

यावर कोणी म्हणेल, की विश्रांतीच्या नावाखाली आळस बोकाळेल. तो धोका आहे, आणि नीतिसूत्रांत आळशाला मुंगीकडे पाठवले आहे हेही मी विसरलो नाही. परंतु आळस आणि विसावा यांची पारख अवघड नाही. आळशी माणूस कामाआधी थांबतो आणि थांबल्यावरही ताजा होत नाही. विसावा घेणारा काम करून थांबतो आणि परत येतो तेव्हा त्याला माणसे पुन्हा आवडू लागलेली असतात. मध्यरात्रीपर्यंत मोबाइलच्या पडद्याकडे पाहत पडून राहणे याला मी विसावा म्हणत नाही. मुलांबरोबर स्वस्थपणे जेवणे, प्रवचनासाठी टिपण न काढता शास्त्र वाचणे, दुसऱ्या कोणी चालवलेल्या उपासनेत मागे बसून गीते म्हणणे, जुन्या मित्राकडे मनातले बोलणे, आणि भरपूर झोप घेणे, इतके साधे त्याचे स्वरूप आहे.

अखेरीस हा प्रश्न विश्वासाचाच आहे. जो माणूस एक दिवसही काम खाली ठेवू शकत नाही, त्याच्या मनात कुठे तरी अशी समजूत घर करून असते, की आपण थांबलो तर देवाचे राज्यही थांबेल. आणि ही समजूत वरून कितीही भक्तीसारखी दिसली तरी तिच्या तळाशी देवापेक्षा स्वतःवर ठेवलेला भरवसा असतो. जगाचा तारणारा एक आहे आणि तो आपण नव्हे, ही गोष्ट ओठांनी कबूल करणे सोपे; आठवड्यातून एकदा हात थांबवून ती कबूल करणे कठीण, आणि म्हणूनच तिची आज्ञा करावी लागली. तळमळ देवाने दिली आहे, विश्रांतीही त्यानेच दिली आहे. एक स्वीकारून दुसरी नाकारण्याचा अधिकार सेवकाला नाही, आणि सेवकाला दुसरी नाकारण्याचा अधिकार मंडळीला तर मुळीच नाही.

यंदाच्या वार्षिक सभेत हिशेब मंजूर होतील, रंगरंगोटीचा आणि ध्वनिवर्धकाचा खर्च संमत होईल. त्याच सभेत एका सभासदाने उठून आपल्या पाळकांच्या साप्ताहिक सुट्टीचा आणि वार्षिक रजेचा ठराव मांडावा, दुसऱ्याने त्याला अनुमोदन द्यावे, आणि चिटणिसांनी तो कार्यवृत्तात नोंदवून पुढल्याच आठवड्यापासून अमलात आणावा, एवढीच माझी विनंती आहे.